भात्यावरचा हात

शाळा सुटल्यावर पंचफुला थेट घरी गेली नाही. एरंडेल घ्यायला ती बाजारात वळली. थंडीच्या दिवसांत भात्याचं कातडं आखडायचं, कुरकुरायचं, आणि ते कुरकुरलं की बाबांची झोप मोडायची. म्हणून दर शनिवारी एक बाटली. दुकानदार आता काही विचारतही नसे, तिला पायरीवर पाहिलं की बाटली काढून ठेवायचा. नालवाडीतली चौतीस वर्षांची मास्तरीण आठवड्याला एवढं एरंडेल नेते म्हणजे तिच्या घरात कोणाचं तरी पोट कायमचं बिघडलेलं असणार, असा त्याचा समज असावा. पंचफुलाने तो कधी दुरुस्त केला नाही. खरं सांगायला बसलं तर अर्धा तास जायचा, आणि सूर्य मावळायच्या आत तिला घरी पोचायचं असे.

खरं होतं ते असं. तिचे वडील बाबाराव पोस्टात होते. ऐन तारुण्यात त्यांना टीबीने धरलं. त्या काळच्या डॉक्टरांनी डाव्या बाजूच्या सात फासळ्या काढल्या, तिकडचं फुप्फुस दाबून कायमचं बसवून टाकलं. टीबी गेला, माणूस वाचला. डाव्या खांद्यावर कललेला तो माणूस मग पंचवीस-तीस वर्षं टपालाचे गठ्ठे लावत राहिला. पण साठी उलटल्यावर उरलेलं फुप्फुस थकलं. दिवसा कसंबसं निभे, कारण जागा माणूस श्वास ओढून घेतो. झोप लागली की मात्र बाबारावांचं शरीर श्वास घ्यायचंच विसरू लागलं. सकाळी ओठ निळे, डोकं फुटायला आलेलं, बोलणं बरळल्यासारखं. एकदा तर दुपारपर्यंत त्यांना मुलीचं नाव आठवेना.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा एक यंत्र दिलं. ते कुठल्याशा परदेशी लोकांनी दान केलेलं होतं. छातीवर पालथं घालायचं फायबरचं कवच, त्याला पट्टे, कवचातून निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला मोटरची पेटी. मोटर कवचाखालची हवा खेचून घेई, की छाती आपसूक वर येई. हवा सोडली की छाती बसे. रात्रभर असं चाललं की सकाळी बाबाराव पेपर वाचायला बसत आणि मुलीला चहात साखर कमी पडल्याचं सांगत. वर्ष-सव्वा वर्ष ते असे जगले, ते त्या पेटीच्या जोरावर.

पण वीज जाई. जानेवारी म्हणजे गव्हाच्या पाण्याचे दिवस. आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले की नालवाडी अंधारात. त्यासाठी पेटीच्या खाली कातड्याचा भाता होता आणि त्याला लाकडी दांडा. वीज गेली की मोटरचं बटण बंद करायचं आणि दांडा हातानं ओढायचा, सोडायचा. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, वीज येईपर्यंत. नाकाशी बारीक नळीतून ऑक्सिजन चालू असे, म्हणून खोलीत कंदील, चिमणी, काडी काही पेटवायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. एक टॉर्च होता, तो तासातून एकदा, ओठांचा रंग बघण्यापुरता. एरवी उजेड पडला की बाबाराव दचकून जागे होत, आणि जागे झाले की त्यांचा श्वास भात्याशी भांडू लागे.

पाळी बदलायची रीत बाबारावांनीच घालून दिली होती. आधी एकदा शेजारचा तानबा पाळीवर येताना बोलत बोलत आला होता, बोलण्यात भाता क्षणभर थांबला आणि बाबाराव पाण्यातून वर काढल्यासारखे धडपडून उठले होते. तेव्हापासून नियम झाला. येणाऱ्यानं बोलायचं नाही. डाव्या अंगाला बसायचं. दांड्यावरच्या हातावर आपला हात ठेवायचा. दोन श्वास दोघांनी संगं चालवायचे. ताल जुळला की आधीच्यानं आपला हात खालून काढून घ्यायचा आणि गुमान झोपायला जायचं. पंचफुला, तिचा धाकटा भाऊ प्रेमदास आणि तानबा, तिघांनाही ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की अंधारात कोण आलं हे कोणी विचारत नसे. विचारायचं कारणच काय? घरचं माणूस सोडून त्या दांड्याला हात लावायला येणार कोण?

त्या शनिवारी साडेदहाला वीज गेली.

तानबा सेलूला मुलीकडे गेला होता. प्रेमदास आर्वी डेपोत कंडक्टर होता, शेवटच्या गाडीनं येतो म्हणाला होता. पंचफुलाने दाराची कडी नुसती अडकवून ठेवली, मोटर बंद केली आणि दांडा धरला. नव्या एरंडेलाचा वास खोलीभर पसरला होता. बाबाराव शांत झोपले होते. भाता वर जाताना सुस्कारा टाकी, खाली येताना झडप टक् करून मिटे. बाहेर हरभऱ्याच्या वावरांवर धुकं उतरलेलं होतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

बारा वाजले. प्रेमदास आला नाही. एक वाजला. जंक्शनकडून मालगाडीची शिटी आली आणि विरून गेली. तिच्या खांद्यातून आधी कळा निघत होत्या, मग कळा थांबल्या आणि हात परक्याचा असावा तसा झाला. टॉर्च लावून तिनं बाबांचे ओठ पाहिले. ठीक होते. टॉर्च तिनं उशाशी ठेवला.

आणि मग तिच्या मनात ते आलं. येऊ नये ते आलं, पण आलं, आणि इथं लपवून उपयोग नाही. सव्वा वर्ष तिनं एक रात्र सलग काढली नव्हती. तिचं स्थळ जुळत आलं होतं ते ह्याच पेटीपायी मोडलं होतं. तिला वाटलं, आता हे संपलं तर बरं होईल. मोठ्यानं नाही, नुसतं वाटलं. वाटलं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हाच डाव्या अंगाला कोणीतरी येऊन बसलं.

तिनं हुश्श केलं. प्रेमदास आला एकदाचा. तिच्या हातावर हात आला. दोन श्वास संगं झाले. ताल बरोबर होता, मग तो हात थांबला. पुन्हा दोन श्वास, पुन्हा थांबला. प्रेमदास असा थांबत नसे, तो घाईचा माणूस, ताल जुळायच्या आतच दांडा ओढून घ्यायचा. हा हात वाट बघत होता. दोन श्वास आणि थांबणं. दोन श्वास आणि थांबणं. ती सोडते की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.

टॉर्च हाताच्या अंतरावर होता. पण झोपेनं ती अर्धी मेली होती, आणि नियम तर पाठच होता. तिनं हात खालून काढून घेतला.

भाता एकसारखा चालू झाला. ती तिथंच चटईवर कलंडली.

जाग आली तेव्हा खिडकीची चौकट करडी झाली होती. भाता चालूच होता, सुस्कारा आणि टक्, सुस्कारा आणि टक्, कुठंही कमीजास्त नाही. तिला भावाची दया आली.

"प्रेमदास," ती हळूच म्हणाली, "झोप आता जरासा. मी बसतो..."

उत्तर आलं नाही. बोलायचं नाही हा नियम होता, म्हणून तिला त्याचं काही वाटलं नाही. पण मग तिला जाणवलं की प्रेमदासच्या अंगाला नेहमी बिडीचा आणि डिझेलचा वास असतो. खोलीत एरंडेलाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

वीज आली. दिवा लागला. दांड्याजवळ कोणी नव्हतं. भात्याचं कातडं तेवढं हळूहळू खाली बसत होतं, नुकतंच कोणी सोडून दिल्यासारखं. कवचाखाली बाबांची छाती शेवटची खाली आली आणि तिथंच राहिली. तिनं त्यांच्या गालाला हात लावला. गाल गार होता आणि जबडा ताठ झाला होता. दाराची कडी तिनं अडकवली होती तशीच अडकलेली होती.

प्रेमदास सातच्या गाडीनं आला. त्याची आयत्या वेळी मुक्कामी ड्यूटी लागली होती.

डॉक्टर आले, त्यांनी बाबारावांची मान, हात हलवून पाहिले. "दोनच्या सुमारास गेले असावेत," ते म्हणाले. "तुम्ही भाता कधीपर्यंत चालवत होता?"

पंचफुलाच्या तोंडातून निघून गेलं, "पहाटपर्यंत."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अंधारात कळत नाही. छाती हलत राहते ना. मनाला लावून घेऊ नका."

'पहाटपर्यंत' ह्या एका शब्दानं तिला कायमचं बांधलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात श्रद्धांजली वाहायला तीन जण बोलले आणि तिघांनीही तेच सांगितलं, की ह्या लेकीनं बापाला पहाटेपर्यंत श्वास पुरवला, श्वास संपला तरी लेक थांबली नाही. बाया डोळे पुसत होत्या. पंचफुला मान खाली घालून बसली होती. खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. एक म्हणजे, मी हात सोडला. दुसरी म्हणजे, कोणीतरी आलं होतं. आणि ही दुसरी गोष्ट तिनं त्या घरात उच्चारायची तरी कशी? छप्पन साली बौद्ध झाल्यावर बाबारावांनी घरातले देव बाहेर काढले तेव्हा भुतंही त्याच गाठोड्यात बांधून दिली होती. 'भूत दिसलं म्हणणाऱ्याला आधी जेवू घाला, मग झोपू द्या,' असं ते म्हणायचे. त्यांच्या मरणाला भुताची गोष्ट जोडणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारणं झालं असतं. असं तिनं स्वतःला समजावलं. पहिली गोष्ट लपवायला दुसरीचा आडोसा बरा पडला, हेही तिला आत कुठंतरी माहीत होतं.

यंत्र दवाखान्यात परत गेलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा निरोप आला. आर्वीकडच्या एका खेड्यातल्या बाईला ते द्यायचं ठरलं होतं. कोकिळा तिचं नाव. लहानपणापासून पाठ वाकडी होत होत छाती पार दबलेली, वय एकोणतीस, दोन लेकरं. झोपेत श्वास बंद पडतो. तिच्या घरच्यांना यंत्र शिकवाल का? तुमच्याइतकं कोणाला येणार?

नवरा रूपराव आणि सासू सुमित्राबाई दवाखान्यात आले होते. रूपराव धिप्पाड, शेतातला गडी, पण दांडा असा धरे की काचेचा असावा. पंचफुलाने सगळं शिकवलं. पट्टे किती आवळायचे, नळी कुठं चिरते, एरंडेल कसं लावायचं. शेवटी पाळी बदलायची रीत आली. सुमित्राबाईच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, दोन श्वास संगं चालवून दाखवले.

"अन् बोलाचं नाई?" रूपरावनं विचारलं.

"बोलायचं नाई."

"मंग अंधारात वळखाव कसं बाई, कोण येऊन बसलं ते?"

इतका सरळ प्रश्न. ती जागा तिच्यासाठीच रिकामी सोडली असावी असा. तिनं फक्त म्हणायचं होतं, नाव विचारा, नाव ऐकल्याशिवाय हात सोडू नका. शब्द ओठांपर्यंत आले. पण रूपराव विचारणार, काऊन बाई? बाजूला डॉक्टर कागद लिहीत बसले होते. त्यांनी मान वर केली असती.

"घरचंच माणूस असते," पंचफुला म्हणाली. "दुसरं कोण येणार?"

त्यावर सुमित्राबाई हसल्या. "मीच त बसन. लेकीवानी हाय मले ते."

त्यानंतर पंचफुलाला रात्री झोप लागायची, पण वीज गेली की जाग यायची. ती उठून बसायची आणि आर्वीच्या दिशेला तोंड करून अंधारात बघत राहायची. दोनदा तिनं पत्र लिहायला घेतलं. 'रूपरावजींना सप्रेम जयभीम' एवढं लिहून कागद फाडला. उद्या प्रेमदासजवळ तोंडी निरोप देऊ, असं ती रोज ठरवायची.

फेब्रुवारी निम्मा सरला. एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दारात हाक आली. रूपराव उभा होता. काखेत हिरव्या हरभऱ्याची मोठी जुडी, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचं तेज.

"दवाखान्यात चाललो, नाकाच्या गॅसची टाकी आनाले," तो म्हणाला. "म्हटलं जाता जाता बाईले भेटून घ्याव. तुमच्या उपकारानं चांगलं चालू हाय."

तिनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. "कोकिळाबाई कशी हाय?"

"मस्त. काल राती लाइट गेली थे अजून नाई आली आमच्याकडं. खांब पडला म्हंते."

पंचफुलाचा हात तांब्यावरच राहिला. "लाइट नाई? मंग तुम्ही इथं कसे... सुमित्राबाई एकट्या बसल्या भात्यावर?"

"नाई. माय घरकामात हाय." रूपराव थोडा पुढं सरकला, आवाज खाली आणला. "तेच सांगाले आलो बाई. काल आधी मी बसलो, मंग माय आली, मी झोपलो. पहाटं मी गोठ्यात गेलतो, पाहतो त माय तिथं गाईजवळ. मले वाटलं, मायनं भाता सोडून देला. मायले वाटलं, मीच बसलो हावो. ते म्हणे, तूच त येऊन हात ठेवला माह्या हातावर. अन् घरातून आवाज येऊन राह्यला, भात्याचा."

पंचफुलाने तांब्या बाजूला सरकवला.

"मायनं दार ओढून घेतलं. म्हणे, आत डोकावू नको. मास्तरीणबाईचे वडील असन. यंत्रासंगं आले. पुण्यवान मानूस, त्याइच्या कामात खोडा नको घालू. उंबऱ्यावर उदबत्ती लावली तिनं." त्याच्या डोळ्यांत खरोखर भक्ती होती. "नाईतर सांगा बाई, लाइट नसतानी मले घर सोडून येता आलं असतं काय?"

"रूपरावजी..." ती म्हणाली. "कोकिळाबाई उठल्या का आज?"

"नाई. झोपू देली. किती दिवसानं अशी झोपली."

"कोणी पाहून आलं का तिले? हात लावून?"

"निघतानी दाराच्या फटीतून पाह्यलं ना. छाती चांगली हालत होती."

ती उठली. आता सांगायचंच होतं, आणि ती सांगू लागली. उभ्या उभ्या, भिंतीला टेकून, शाळेत पोरं धडा म्हणतात तसं एका दमात. बाबांच्या रात्री कोणी आलं होतं. मी पहाटेपर्यंत नव्हतो बसलो, मी दोनलाच हात सोडला. ते दोन श्वास माझ्यासंगं चाललं आणि थांबलं, पुन्हा दोन श्वास चाललं आणि थांबलं. मी सोडेपर्यंत थांबत राहिलं. मी सोडला आणि बाबा गेले, आणि ते तरी भाता चालवतच राहिलं. ते बाबा नाईत, रूपरावजी. ते आधी आलं, बाबा मंग गेले.

रूपराव तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला सगळं समजलं नसावं, पण एका गोष्टीवर त्याचा चेहरा हलला.

"थांबे," तो म्हणाला. "आमच्याकडंई थांबे ते. मी गोठ्यातून आयकत होतो. दोन डाव वाजे, अन् थांबे. मले वाटलं, ताल घेऊन राह्यलं."

पंचफुलाच्या अंगात एकदम बळ आलं. सुमित्राबाईंनी तर रात्रीच हात काढला होता. तरी पहाटेपर्यंत ते थांबत होतं, म्हणजे आत दुसरं कोणीतरी होतं ज्यानं अजून सोडलं नव्हतं. दोन लेकरांची आई. "म्हणजे ती हाय अजून," ती म्हणाली. "तिनं सोडलं नाई. चला, पहिले तुमच्या गावाले चला, टाकी मंग आणू. गाडी किती वाजता हाय?" ती कोपऱ्यात वाकून चपला शोधू लागली.

रूपराव उठला नाही. हरभऱ्याची जुडी त्याच्या मांडीवर होती. त्यातला एक घाटा त्यानं सवयीनं सोलला आणि हातातच ठेवला.

"पहाटपर्यंत थांबे, बाई," तो म्हणाला. "मी निघालो तवा नाई. तवा एकसारखं चालू झालतं."

मग त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि हलकेच विचारलं, "ते बरंच झालं ना?"